चरणाऱ्या गुरांवरचा ताण रक्तातून कसा मोजावा: आर्वी-कारंज्याच्या गवळाऊ कळपाचं उदाहरण

गाईच्या मानेतून दहा-पंधरा मिलि रक्त काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. नळीतून निघालेला आकडा उन्हाचा, उपासमारीचा, गोचिडांचा की सकाळी तिच्यामागे दोर घेऊन धावलेल्या चार माणसांचा, हे ओळखणं खरं अवघड. गोठ्यातल्या होल्स्टिन गाईला दिवसातून दोनदा माणसाचा हात लागतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या जंगलकडेला दिवसभर चरणारी गवळाऊ ही देशी गाय फक्त आपल्या गुराख्याला ओळखते. तिच्यासाठी अनोळखी डॉक्टर, स्पिरिटचा वास आणि खोडा हाच दिवसातला सगळ्यात मोठा ताण असतो. म्हणून पुढची बहुतेक खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: मोजमाप गाईचं व्हावं, पकडापकडीचं नव्हे.

हे टिपण तालुक्याच्या पशुवैद्यकांसाठी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि कळपाची नोंद ठेवणाऱ्या जाणत्या पशुपालकांसाठी आहे. रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच घ्यावं किंवा त्याच्या देखरेखीखाली घेतलं जावं. काम संशोधन म्हणून छापायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी पहिली नळी भरण्याआधी हाती असायला हवी.

प्रत्येक निर्देशकाचं घड्याळ वेगळं

नमुने घेण्याआधी कोणता ताण मोजायचा आहे हे कागदावर लिहा. बाजाराला नेल्याचा, मे महिन्याच्या उन्हाचा आणि वाळल्या गवतावर काढलेल्या चार महिन्यांचा ताण रक्तात वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात, आणि वेगवेगळ्या वेळी.

अॅड्रेनालिन सेकंदांत वाढतं, त्याच्या मागोमाग ग्लुकोज आणि मेदाम्लं हलतात. कॉर्टिसॉल हे ताणाचं मुख्य संप्रेरक दोन-तीन मिनिटांत चढायला लागतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास शिखर गाठतं. पांढऱ्या पेशींचं प्रमाण काही तासांनी बदलतं आणि एक ते तीन दिवस बदललेलं राहतं. स्नायूंतून गळणारं क्रिएटिन कायनेज (सीके) काही तासांत वर जाऊन दोन-तीन दिवसांत उतरतं, तर एएसटी हे दुसरं विकर त्याहून बराच काळ चढलेलं राहतं. थायरॉइडची संप्रेरकं (टी-३, टी-४), अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आणि पीसीव्हीची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्याची) मूळ पातळी यांची चाल आठवड्यांची; घाबरून किंवा अंगातलं पाणी आटून पीसीव्ही मात्र तात्पुरता लवकरही चढतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पकडताना झालेला गोंधळ मुख्यतः जलद घड्याळाचे आकडे बिघडवतो. पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण किंवा अल्ब्युमिन पाच मिनिटांच्या झटापटीने फारसं हलत नाही. दोन, जनावराने हवामानाशी जुळवून घेतलं का, हा प्रश्न एका दिवसाच्या कॉर्टिसॉलने सुटत नाही. कित्येक आठवडे उन्हात राहिलेल्या गाईचं कॉर्टिसॉल पुन्हा नेहमीच्या पातळीवर आलेलं असू शकतं. ते पाहून गाय सुखात आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्या वेळी टी-३, टी-४ खाली गेलेले असतात, पीसीव्ही हळूहळू उतरलेला असतो, कारण शरीराने आतली भट्टीच मंद केलेली असते. जुळवून घेणं म्हणतात ते हेच, आणि त्याची किंमत दुधात, वजनात, माजात मोजली जाते.

जनावरं निवडणं

कळपातली दहा-बारा एकसारखी जनावरं घ्या. एकसारखी म्हणजे एका जातीची, एका वयोगटाची, एका अवस्थेतली. गाभण, भाकड, दुभत्या आणि बैल एकत्र मोजले तर आकड्यांची खिचडी होते. विण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-चार आठवडे टाळा, कारण त्या काळात कॉर्टिसॉल आणि मेदाम्लं ऊन-सावली काहीही असो, वर असतात. माजावर आलेली गाय त्या दिवशी सोडून द्या.

प्रत्येकीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, दातांवरून वय, किती वेतं, कितवा महिना, १ ते ५ पैकी अंगलट (अंगावरचं मांस-चरबी किती), शेवटचं जंतनाशक आणि शेवटची लस कधी, हे वहीत उतरवा. लाळ-खुरकूत किंवा दुसरी कोणतीही लस दिल्यानंतर निदान तीन आठवडे नमुने घेऊ नयेत.

पंधरा दिवस आधी एक चाळणी लावा: शेण तपासा, अंगावरच्या गोचिडी पाहा, कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी बनवून थायलेरिया, बबेसिया, अॅनाप्लाझ्मा हे गोचिडींतून येणारे रक्तातले जीव शोधा. पीसीव्ही २२ टक्के असलेल्या गाईला ‘उन्हाने रक्त उतरलं’ असं लिहायचं आणि तिच्या पोटात मात्र जंतांचा गोळा, असं होऊ नये. देशी गाईत ताप नसताना, पीसीव्ही नीट असताना एखाद-दुसऱ्या पेशीत थायलेरिया दिसतो. ती वाहक असते, आजारी नव्हे. पण तिच्या नावापुढे खूण करा, कारण तीव्र ताणात हाच जीव डोकं वर काढू शकतो.

सवय लावणं

गावच्या दवाखान्याचा खोडा वापरणार असाल तर दहा-चौदा दिवस आधीपासून रोज जनावरं त्यातून नुसती चालवा. गुराख्यानेच पुढे व्हावं. मूठभर ढेप किंवा सरकी द्यावी, मानेला हात लावावा, कासऱ्याने डोकं हलकेच वळवून सोडून द्यावं. शेवटच्या तीन दिवसांत स्पिरिटचा बोळाही मानेवर फिरवावा. हे वेळखाऊ वाटतं, पण कॉर्टिसॉलच्या नमुन्यांसाठी यासारखी दुसरी गुंतवणूक नाही. शांत गाईत कॉर्टिसॉल साधारण ०.५ ते ९ नॅनोग्रॅम प्रति मिलि असतं. धरपकडीत ते १३ ते ६० च्या घरात जातं. बिचकलेल्या गाईत उन्हाने होणारा चार-पाच नॅनोग्रॅमचा फरक शोधायला जाणं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये कुजबुज ऐकणं.

दोर टाकून खाली पाडलेल्या जनावराचा नमुना घेऊच नये. त्यातलं कॉर्टिसॉल, ग्लुकोज, सीके सगळंच पाडण्याचं असतं.

दिवस, वेळ आणि हवा

ऋतूंचा ताण मोजायचा असेल तर पाच फेऱ्या कराव्यात: फेब्रुवारीचा उत्तरार्ध, एप्रिलची सुरुवात, मेचा तिसरा आठवडा, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. फेब्रुवारीचा आकडा हा त्या गाईचा स्वतःचा पाया. पुस्तकातल्या ‘सामान्य’ मर्यादांपेक्षा त्याला जास्त मान द्या, कारण त्या मर्यादा बहुतांशी युरोपीय जातींवरून बांधलेल्या आहेत.

एका फेरीत दोन वेळा हव्यात. पहाटे सहाच्या सुमारास, कळप सुटण्याआधी. आणि दुपारी तीनच्या सुमारास, पाणवठ्यावर पण पाणी पिण्याआधी. दुपारचा आकडा उन्हाचा भार सांगतो, पहाटेचा आकडा रात्रीत गाय किती सावरली ते सांगतो. जुळवून घेतलेली गाय ओळखायची ती पहाटेच्या आकड्यावरून.

इथे एक चूक हमखास होते. पहाटे आणि त्याच दिवशी दुपारी त्याच गाईचं रक्त घेतलं, तर पहाटेच्या पकडण्याचा परिणाम दुपारच्या पांढऱ्या पेशींत दिसतो आणि तो उन्हाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून दोन नमुन्यांत निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा. अर्ध्या जनावरांचं आधी पहाटे, अर्ध्यांचं आधी दुपारी घ्या. कितव्या क्रमांकाला पकडलं तेही लिहा: शेवटची गाय बाकीच्यांची धडपड बघत उभी असते.

हवेसाठी साधा आर्द्रतामापक पुरतो. तो जनावराच्या उंचीवर, सावलीत, जिथे कळप आहे तिथेच टांगा. जिल्ह्याच्या ठिकाणचं तापमान चालणार नाही. तापमान-आर्द्रता निर्देशांक असा काढा. अंश सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवा, ही पहिली संख्या. आर्द्रतेच्या टक्क्याला ०.००५५ ने गुणून ते ०.५५ मधून वजा करा, ही दुसरी. अंश सेल्सिअसला १.८ ने गुणून २६ वजा करा, ही तिसरी. दुसरी आणि तिसरी यांचा गुणाकार पहिलीतून वजा केला की निर्देशांक मिळतो.

मेच्या दुपारी ४० अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर १०४ मधून ०.४१२५ गुणिले ४६, म्हणजे १९ वजा: निर्देशांक ८५. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर ८६ मधून २.३ वजा: ८३.७. पावसाळ्यात हवा गार वाटते, पण दमटपणात घाम वाळत नाही आणि गाईला जवळपास मेइतकाच भार सोसावा लागतो. ‘७२ च्या वर ताण’ ही ओळ सगळीकडे छापलेली असते. ती विलायती दुभत्या गाईंवरून आली आहे. गवळाऊला ती जशीच्या तशी लावू नका. शिवाय या सूत्रात ऊन आणि वारा नाहीत, म्हणून आकाश ढगाळ की निरभ्र आणि वारा किती, हे शब्दांत तरी लिहाच.

रक्त घेण्याआधी, दहा-पंधरा पावलांवरून, कुशीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजून श्वासांचा वेग नोंदवा. गुदद्वाराचं तापमान मात्र रक्त घेऊन झाल्यावर, आधी नाही.

सुई घालण्यापासून नळी भरेपर्यंत

जवळ असू द्या: १८ गेजच्या दीड इंची सुया (प्रत्येक जनावराला नवी), व्हॅक्युटेनरचा (रक्त आपोआप ओढणाऱ्या निर्वात नळ्यांचा) धारक, लाल, हिरव्या, जांभळ्या आणि राखाडी टोपणाच्या नळ्या, ७० टक्के स्पिरिट, कापूस, हातमोजे, स्टॉपवॉच, पक्क्या शाईचा पेन. नळ्यांवर क्रमांक आदल्या रात्रीच घाला. ओल्या नळीवर, हातात गाय धरून लिहिलेला ३ संध्याकाळी ८ दिसतो.

गाईला दावं लागलं किंवा पहिला हात लागला, त्या क्षणी घड्याळ सुरू. डोकं किंचित वर आणि बाजूला वळवा. मानेच्या खाचेत, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, अंगठा दाबा. वरची शीर फुगते. दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारली की लाट जाणवते. केस बाजूला सारून स्पिरिट लावा आणि ते वाळू द्या. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की तांबड्या पेशी फुटतात. सुईचं तोंड वर ठेवून तीस-चाळीस अंशांत एका दमात घाला, मग नळी लावा. सुई गेल्यावर अंगठा सोडू नका. रक्त थांबलं तर सुई आत-बाहेर खोदत बसण्यापेक्षा किंचित मागे घ्या. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवशी त्या गाईला सोडा.

घड्याळ सुरू झाल्यापासून तीन मिनिटांत पहिली नळी भरली, तरच ती कॉर्टिसॉलसाठी धरावी. उशीर झाला तर नमुना फेकू नका. मिनिटं लिहा, बाकीच्या चाचण्यांना तो चालतो.

नळ्यांचा क्रम: लाल, हिरवी, जांभळी, राखाडी. जांभळ्या नळीत पोटॅशियमचं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. त्याचा कण पुढच्या नळीत गेला तरी तिथलं पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम पडतं. लाल नळीतून रक्तजल, म्हणजे कॉर्टिसॉल, थायरॉइड, प्रथिनं, युरिया, स्नायूंची विकरं. जांभळी पेशींसाठी. राखाडी ग्लुकोजसाठी, कारण तिच्यातलं फ्लोराइड पेशींना साखर खाऊ देत नाही. हिरवीतलं हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही; ती प्लाझ्मा लगेच हवा असेल तेव्हा. काचपट्टीला हेपॅरिन चालत नाही, रंग निळसर चढतो. जांभळी नळी खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरली तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आकसतात आणि पीसीव्ही खोटा कमी येतो. आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करा, खळखळवू नका.

सुई काढल्यावर मिनिटभर दाबून धरा. ‘एवढं रक्त काढलं, गाय आटेल’ असं मालक म्हणतोच. ३०० किलोच्या गाईच्या अंगात वीसेक लिटर रक्त असतं आणि आपण घेतो ते पंधरा मिलि, हे त्याला सुई घालण्याआधी सांगा.

शेपटीखालच्या शिरेतूनही रक्त मिळतं: शेपटी सरळ वर, बुडापासून वीतभरावर मधल्या खाचेत, २० गेजची सुई काटकोनात. तिथे धमनी शेजारीच असल्याने रक्त मिसळ येऊ शकतं. कॉर्टिसॉलला त्याने बिघडत नाही. पण फॉस्फरस मानेच्या शिरेत शेपटीपेक्षा कमी येतो, कारण लाळग्रंथी तो उचलून घेतात. म्हणून एकदा ठरवलेली जागा वर्षभर बदलू नका.

वापरलेल्या सुया मोजून जाड डब्यात टाका. कुरणात पडलेली सुई गवताबरोबर गाईच्या पोटात जाते आणि तिथून हृदयाकडे सरकते.

उन्हात नमुने सांभाळणं

मेमध्ये बंद जीपच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते आणि तासाभरात दिवसाची मेहनत वाया जाते. लाल नळ्या सावलीत उभ्या ठेवून अर्धा ते एक तास गोठू द्या, लगेच बर्फावर ठेवू नका. थंडीत गोठण अपुरी होते आणि रक्तजल कमी सुटतं. जांभळ्या आणि राखाडी नळ्या थंड पेटीत, पण बर्फाच्या पिशवीला थेट न टेकवता, मध्ये फडकं घालून. नळी गोठली की पेशी फुटल्या.

रक्तजल दोन तासांच्या आत वेगळं करा: ३००० फेऱ्यांवर दहा ते पंधरा मिनिटं. छोटा सेंट्रिफ्यूज इन्व्हर्टरवर चालतो. तो सोबत नेणं हे खडबडीत रस्त्यावरून न फिरवलेल्या नळ्या नेण्यापेक्षा केव्हाही बरं. रक्तजल गवताच्या काडीसारखं पिवळसर हवं. गुलाबी दिसलं तर तसं वहीत लिहा आणि एएसटी, फॉस्फरस यांचे आकडे धरू नका. गुलाबीपणाची कारणं बहुधा चारच: ओलं स्पिरिट, बारीक सुई, सिरिंजने जोरात ओढलेलं किंवा सुईतूनच नळीत पिचकारलेलं रक्त, आणि जीपचे धक्के. रक्तजल दोन छोट्या कुप्यांत विभागून उणे २० अंशांवर ठेवा, म्हणजे एक चाचणी बिघडली तर दुसरी कुपी न वितळलेली असते.

काचपट्टी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विश्वासू

पैसे कमी असतील तर कॉर्टिसॉल सोडा, काचपट्टी सोडू नका. ती जागेवरच, तासाभराच्या आत बनवा. काचेच्या एका टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा थेंब ठेवा, दुसरी काच तीस अंशांत टेकवून थेंब कडेला पसरू द्या, मग एकाच सरळ हालचालीत पुढे. शेवट जिभेसारखा पातळ व्हायला हवा. हवेत हलवून वाळवा आणि लगेच मिथेनॉलमध्ये तीन मिनिटं बुडवा. वाळत ठेवलेल्या पट्ट्यांवर पावसाळ्यात माशा बसतात आणि रक्त अक्षरशः चाटून नेतात; सूक्ष्मदर्शकाखाली मग जाळीदार भोकं दिसतात. मिथेनॉलची बाटली घट्ट बंद असावी. दमट हवेतलं पाणी तिच्यात उतरलं की तांबड्या पेशींत चमकदार पोकळ्या दिसतात आणि नवखा माणूस त्यांना परजीवी समजतो.

गीम्सा रंग १ भाग, ७.२ पीएचचं बफर ९ भाग, तीस मिनिटं. विहिरीच्या जड पाण्याने रंग बिघडतो.

मोजणी पातळ भागाच्या थोडं आधी, नागमोडी चालीने, निदान २०० पेशी. अगदी टोकाला आणि कडांना न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट हे इतर प्रकार) गोळा होतात. तिथे मोजलं तर धडधाकट गायही ताणात दिसते. शांत गाईत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलच्या साधारण दुप्पट असतात. समजा पहिल्या पट्टीत न्यूट्रोफिल ६०, लिम्फोसाइट १२०, इओसिनोफिल १४, मोनोसाइट ६ मिळाले: न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर ०.५. ट्रकमधून नेल्यावर आठ तासांनी त्याच गाईत १०४, ८४, २ आणि १०: गुणोत्तर १.२४. गुणोत्तर उलटलं आणि इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले, ही कॉर्टिसॉलची सही. तो नमुना घेताना रक्तातलं कॉर्टिसॉल खाली आलेलं असलं तरी ही सही टिकून असते.

संसर्गातही न्यूट्रोफिल वाढतात, म्हणून कोवळ्या, न दुभंगलेल्या केंद्रकाच्या पेशी दिसतात का ते पाहा. शिवाय फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं, जळजळीत वाढणारं प्रथिन) काढा. गाईत जळजळ ओळखायला ते फार उपयोगी आणि जवळपास फुकट आहे. केशनळी फिरवून पीसीव्ही वाचला की प्लाझ्माचं एकूण प्रथिन रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या. दुसरी केशनळी ५६ अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून पुन्हा फिरवा, वरच्या प्लाझ्माचं प्रथिन घ्या. फरक म्हणजे फायब्रिनोजेन. ७०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं तर ती गाय आजारी धरा आणि ताणाच्या हिशेबातून काढा.

प्रयोगशाळेशी बोलून घ्या

बहुतेक तालुक्यांत जवळची प्रयोगशाळा माणसांची असते. गाईची तांबडी पेशी माणसाच्या पेशीपेक्षा बरीच लहान, आकारमान ४० ते ६० फेम्टोलिटर. यंत्र माणसाच्या सेटिंगवर असेल तर पेशींचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. गुरांची सेटिंग नसेल तर पीसीव्ही केशनळीतूनच काढा: १०,००० ते १२,००० फेऱ्या, पाच मिनिटं, आणि पेशी लहान असल्याने पुन्हा पाच मिनिटं फिरवून आकडा बदलत नाही ना ते बघा. ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) मागवू नका. गाईच्या पेशींची चळत लागत नाही, त्यामुळे त्या तासाभरात खाली बसतच नाहीत.

कॉर्टिसॉलचा संच माणसासाठी बनवलेला असेल तर त्याची मोजपट्टी ५० ते २५० नॅनोग्रॅमच्या टप्प्यात चांगली चालते. शांत गाय त्या पट्टीच्या तळाशी, कधी तळाखाली असते. अहवालात ‘१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी’ असं आलं की ते १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी. त्यातून पहाट आणि दुपार वेगळी काढता येत नाही. सर्वांत खालचं प्रमाण १ नॅनोग्रॅमच्या आसपास असलेला संच निवडा. एक चढलेला नमुना दोनपट, चौपट, आठपट पातळ करून आकडे त्याच प्रमाणात उतरतात का ते पाहा, आणि प्रत्येक नमुना दुहेरी लावा. दोन वाचनांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा. वर्षभराचे सगळे नमुने साठवून एकाच खेपेच्या संचावर लावणं उत्तम.

आकडे जोडीने वाचा

पीसीव्ही एकटा काही सांगत नाही. पहाटे ३४ टक्के आणि प्रथिन ७.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर, दुपारी ३९ आणि ८.२ असेल तर दोन्ही सारख्याच प्रमाणात, सुमारे १४ टक्के, वाढले: अंगातलं पाणी आटलं. पीसीव्ही ३९ पण प्रथिन ७.३ च असेल तर पाणी नव्हे, घाबरून प्लीहा आकसली आणि तिने साठवलेल्या पेशी रक्तात सोडल्या. पहिल्या गाईला पाणवठा जवळ हवा. दुसऱ्या नमुन्यात दोष आपल्या पकडण्याचा.

उन्हाळाभर पीसीव्ही हळूहळू उतरत गेला, फायब्रिनोजेन नीट, शेण आणि काचपट्टी स्वच्छ, आणि टी-३, टी-४ही खाली, तर ती उष्णतेशी केलेली तडजोड. टी-३ खाली येण्याचं दुसरं कारण उपासमार, म्हणून सोबत मेदाम्लं आणि युरिया हवीतच. मार्च ते जून वाळल्या गवतावर रक्तातला युरिया-नायट्रोजन ७-८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेला, की रवंथाच्या पोटातल्या जिवाणूंनाच नायट्रोजन पुरत नाही. अशा गाईला सावलीआधी ढेप हवी. उपाशी गाईत मेदाम्लं चढतात. पण उष्णतेने खाणं घटलेल्या गाईत ती अपेक्षेइतकी चढत नाहीत, कारण उष्णतेत शरीर चरबी सोडायला कचरतं. अंगलट उतरते आहे आणि मेदाम्लं सपाट, हे दिसलं तर चारा कमी पडला म्हणण्याआधी दुपारचं तापमान पाहा.

मेदाम्लं अॅड्रेनालिनने मिनिटांत वाढतात आणि गरम नळीत आपोआपही वाढत राहतात. हा आकडा तीन मिनिटांतल्या, थंड ठेवलेल्या नमुन्याचाच धरावा. पोटॅशियमवर लक्ष ठेवा. गाईच्या घामातून सोडियमपेक्षा ते जास्त जातं, आणि अनेक आठवड्यांच्या उन्हाने ते उतरू शकतं. सीके चढलेलं दिसलं तर आदल्या दिवशी कळप किती चालला ते गुराख्याला विचारा. चाऱ्याच्या शोधात नेहमीपेक्षा दुप्पट चालणं झालं असेल तर ते उन्हाच्या खात्यात टाकू नये.

गवळाऊ आणि संकरित यांची तुलना करायची असेल तर दोघींचे मेचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येकीचा मे तिच्याच फेब्रुवारीतून वजा करा आणि उरलेला फरक ताडून बघा. सावरण्याचा वेगही असाच: मेमधला पहाटेचा आकडा फेब्रुवारीतल्या पहाटेच्या किती जवळ आला. दोन गाईंचा दुपारचा श्वास मिनिटाला ७० असू शकतो. एकीचं तापमान आणि पीसीव्ही पहाटेपर्यंत जागेवर येतं, दुसरीचं येत नाही, आणि प्रजननासाठी पहिलीच्या खोंडाला राखून ठेवायचं असतं.

ज्या जनावरांना पकडणंच शक्य नाही, त्यांच्या ताज्या शेणातली कॉर्टिसॉलची उत्पादितं मोजता येतात. ती सुमारे दहा-बारा तासांपूर्वीचा ताण दाखवतात. रक्ताच्या जोडीला हा चांगला पडताळा आहे, विशेषतः सवय न झालेल्या कळपात.

पीसीव्ही, प्रथिन आणि काचपट्टी त्याच संध्याकाळी हाती येतात. ते आकडे पशुपालकाला त्याच रात्री सांगा, संप्रेरकांच्या अहवालाची वाट पाहू नका. ताप, सुजलेल्या लसीका गाठी आणि काचपट्टीवर पेशी-पेशीत थायलेरिया असेल तर उद्या सकाळची फेरी रद्द करून आधी त्या गाईला ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन मिळायला हवं, आणि कळपातल्या बाकीच्यांची तापमानं त्याच रात्री घेऊन ठेवायला हवीत.